एकही ‘एबी’ नसलेली यादी

मी एक जुनी खिळ्यांची केस आहे. मित्रांनो, हे भिंतीत ठोकायचे खिळे नव्हेत. छापखान्यात शिशाच्या बारीक दांडीवर एकेक अक्षर उलटे उठवलेले असते, त्याला खिळा म्हणतात. ते खिळे ज्या खणाखणांच्या लाकडी खोक्यात राहतात, ते खोके म्हणजे मी. माझ्यात इंग्रजी अक्षरांची वस्ती होती. एका खणात एकच अक्षर. दुसरे चुकून पडले तर छापलेल्या कागदावर लगेच कळायचे.

पुण्यातल्या एका सुताराने मला सागवानातून घडवले आणि १९६१ साली मी पौडला हैबतरावांच्या छापखान्यात आले. तिथे कोंडीराम खिळे जुळवायचा. तो सूसहून रोज यायचा, शर्टाच्या बाह्या दुमडायचा आणि माझ्यासमोर उभा राहायचा. त्याची बोटे न बघता माझ्या खणांतून फिरत. हैबतराव गिऱ्हाइकाला म्हणत, “आमच्या कोंडीरामच्या कामात चूक काढून दाखवा.” पंचवीस वर्षे कोणी दाखवली नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

कोंडीरामची लेक यशोधरा पुण्याला शिकली आणि मुळशीतल्याच एका पत्रे कापायच्या कारखान्यात संगणकावर कामाला लागली. तालुक्यात तेव्हा संगणक पाहिलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी. कोंडीराम कुणी विचारले की छाती फुगवून सांगायचा, “माजी पोर मशीनशी बोलती.”

१९८७ च्या उन्हाळ्यात त्या कारखान्याने रक्तगट तपासण्याचे शिबिर घेतले. कामगार आणि आसपासच्या वाड्यांतली मिळून चारशे बारा माणसे आली. प्रत्येकाला गटाचे कार्ड द्यायचे होते. ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ ही मोठी अक्षरे माझ्यातूनच उचलली गेली. ‘एबी’ची कार्डे मोजकी, पंचवीस छापली. चार दिवसांनी कारखान्याचा टेम्पो चालवणारा नथू कार्ड नाचवत छापखान्यात आला.

“कोंडीराम, समद्यांच्या कार्डावर एक अक्षर आन् माझ्या कार्डावर दोन कशी? जास्तीचं पडलं का काय?”

“न्हाई रं. तुजा गटच त्यो हाय. जपून ठेव.”

नथूने ते घरी नेऊन ट्रंकेत ठेवले.

कारखान्याने सगळी नावे आणि गट यशोधराकडून संगणकात भरून घेतले. कोणाला रक्त लागले तर त्या गटाची माणसे चटकन सापडावीत, म्हणून यादी छापून वाटली. जुलैतल्या एका दुपारी ती एक प्रत घेऊन छापखान्यात आली. कोंडीरामने चष्मा चढवला. तो वाचायचा तसा, एकेक अक्षरावर बोट ठेवत, गटाचा रकाना वरून खाली उतरला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला.

“यशे, एबी कुटं हायेत?”

“असतील की आबा. नीट बघा.”

“दोनदा बघितलं. येक बी न्हाई. मी पंचवीस कार्डं छापली व्हती.”

यशोधराने यादी ओढून घेतली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. ती माझ्यापाशी आली आणि माझ्या ‘ए’च्या खणात तिने बोट घातले.

“आबा, मशीनच्या आत पण असेच खण असतात. एका खणात एक अक्षर. आधी सांगावं लागतं, आपल्याला एकटं अक्षर ठेवायचंय की शब्द. शब्द असेल तर तो ओळीनं खणांत मांडायचा, शेवटी एक कोरा खिळा ठेवायचा, म्हणजे कुठं थांबायचं ते कळतं. आणि पहिल्या खणाचा पत्ता लिहून ठेवायचा. पत्ता धरून निघालं की कोऱ्यापर्यंत सगळा शब्द मिळतो.”

“मंग?”

“मी रक्तगट म्हणजे एकटं अक्षर असं सांगितलं. एकच खण दिला. करून बघितलं तेव्हा ए घातला, बी घातला, ओ घातला. बरोबर आलं. एबी घालून बघितलंच नाही. त्यातला पहिला ए तेवढा खणात बसला.”

“आन् बी?”

“बाहेरच राहिला. मशीन काही बोललं नाही.”

“म्हंजी एबीवाले समदे ए झाले.”

यशोधराने मान हलवली. मित्रांनो, माझ्या खणात इतकी वर्षे अक्षरे पडत होती, पण त्या दुपारी पहिल्यांदा मला अक्षराची भीती वाटली.

तेवढ्यात चहा घेऊन येणारी सगुणाबाई दारातूनच ओरडली, “कोंडीराम, ऐकलं का? बहिरूचा हात मशीनमधी गेला. स्टँडापल्याडच्या दवाखान्यात आनलाय. लई रगत गेलंय. यादीत बघून नथूला घिऊन गेलेत, तास झाला.”

बहिरू याच कारखान्यातला, पत्रे कापायच्या यंत्रावरचा. त्याचा गट मात्र खरोखरीचा ‘ए’ होता, आणि ‘ए’ रक्ताला ‘बी’ चालत नाही.

यशोधराच्या हाताला धरून कोंडीराम तसाच अनवाणी पळत सुटला. पुढचे मी पाहिलेले नाही. त्यानेच नंतर माझ्यासमोर उभे राहून, कधी अर्धे, कधी पुरते सांगितले.

बाटली टांगलेली होती. नथू बाकावर दंडाला कापूस धरून बसला होता, भले केल्याच्या समाधानात. डॉक्टरांनी यादीवर भरवसा ठेवला होता, रक्त जुळवून बघायला त्यांना वेळ नव्हता. बहिरू थडथड उडत होता. कंबर मोडली म्हणून कण्हत होता. हात तुटल्याचा धसका असेल असे सगळे समजत होते.

“बंद करा ते!” यशोधरा ओरडली.

“तू कोण?” डॉक्टर म्हणाले.

“ती यादी मी केलीय. ती चुकलीय. नथूचा गट ए नाही.”

डॉक्टरांनी नळी काढली. पाव बाटली रक्त आत गेले होते. संध्याकाळी बहिरूची लघवी काळी पडली आणि त्याला पुण्याला हलवले. तो जगला. पण दिवाळीत घरी परतला तो सुजलेल्या तोंडाचा, दारात बसून राहणारा माणूस होऊन. हाताने नव्हे, मूत्रपिंडांनी त्याला बसवले.

त्याची बायको धोंडाबाई यशोधराच्या दारात येऊन उभी राहिली. “पोरी, माज्या मालकाचं रगत कागदावर कुनी चुकीचं लिवलं?”

“मी,” यशोधरा म्हणाली.

धोंडाबाई आल्या वाटेने परत गेली. कोंडीराम म्हणायचा, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

कारखान्याच्या साहेबांनी मात्र हैबतरावांकडे एक पत्रक छापायला पाठवले होते. ‘संगणकातील बिघाडामुळे यादीत चूक झाली आहे.’ कोंडीरामने ते वाचून खाली ठेवले.

“मालक, ह्ये माज्या हातनं जुळायचं न्हाई. मशीन बिघडलं न्हवतं. त्याला सांगितलं तसं त्यानं केलं.”

“कारखान्याचं काम गेलं तर छापखाना मोडेल, कोंडीराम.”

“मंग मला मोकळं करा.”

हैबतरावांनी खरोखरच त्याला मोकळे केले. पुढे छापखान्यात नवे यंत्र आले आणि मीही निकामी झाले. कोंडीरामने मला मागून सूसला नेले. आता माझ्या खणांत यशोधराच्या मुलीची बटणे आणि चिंचोके आहेत.

यशोधराने नोकरी सोडण्यापूर्वी यादी नव्याने केली. या वेळी गटाला शब्दाची जागा दिली, शेवटी थांबायची खूण ठेवली आणि पंचवीस ‘एबी’ एकेक करून मोजले. मग ती चुकीच्या प्रती परत आणायला निघाली. सात प्रती वाटल्या होत्या. ती वाडी-वाडी फिरली. एक चावडीत मिळाली, एक शाळेत, एक महाळुंग्याच्या दुकानात तेलकट होऊन. सहा हाती लागल्या. सातवी कोणाला दिली, ते कारकुनाला आठवेना. तिने वर्षभर शोधली. कोंडीरामने शोधली.

मित्रांनो, ती अजून सापडलेली नाही. कुठल्या तरी दवाखान्याच्या भिंतीवर ती टाचलेली असेल, स्वच्छ छापलेली, बघताच विश्वास बसावा अशी. त्या यादीत ‘ए’ झालेले पंचवीस लोक आज कुठे, कोणासाठी दंड पुढे करत असतील, मला माहीत नाही. तुम्हाला कुठे अशी यादी दिसली, तर तिच्यात काय लिहिले आहे एवढेच वाचून थांबू नका. काय लिहिलेले नाही, तेही मोजा. आणि ‘एबी’ एकही नसेल, तर कृपा करून लगेच कोणाला तरी हाक मारा.