बुधवारचा वारा

फोल्कर्टने मागच्या चाकात हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि मग व्हॉल्व्हला नख लावून त्यातली थोडी हवा पुन्हा सोडून दिली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. शेडच्या पत्र्यावर वारा थापा मारत होता. शेजारच्या अंगणात झेंड्याच्या काठीवर दोरी तडतड आपटत होती, आणि बांधापलीकडच्या समुद्राचा घोगरा आवाज, जो एरवी भरतीच्या वेळी तेवढा येतो, आज न्याहारीपासूनच घरात ऐकू येत होता.

“किती आहे?” स्वयंपाकघराच्या दारातून वित्स्केने विचारले.

“काय किती?”

“वाऱ्याचा जोर, बाबा.”

“सहा असेल.”

“रेडिओवर सात सांगितला. मधूनमधून नऊचे झोत. पिवळा इशारा दिलाय.”

“रेडिओवाले तिकडं दक्षिणेत बसतात. झुळूक आली तरी त्यांना टोपी धरावी लागते.”

वित्स्के हसली नाही. हाताची घडी घालून दारातच उभी राहिली. ती अशी उभी राहिली की फोल्कर्टला उगीचच आपण शाळेला उशिरा आलो आहोत असे वाटे. ती होतीही शिक्षिकाच. शरद ऋतूची सुट्टी लागली म्हणून चार दिवस बापाकडे राहायला आली होती, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन.

वाऱ्याचे फोल्कर्टला कुणी सांगायला नको होते. समुद्राकाठच्या अकरा गावांत त्याने सदतीस वर्षे टपाल वाटले होते, तेही सायकलवरून. पण गेल्या नोव्हेंबरात दोन गोठ्यांच्या मधल्या फटीतून एक झोत आला आणि त्याने फोल्कर्टला सायकलसकट चरात फेकले. दोन बरगड्या गेल्या. बटाट्याच्या ट्रकवाल्याचे लक्ष गेले म्हणून, नाही तर अंधार पडेपर्यंत तो तिथेच पडून राहिला असता. वित्स्के दूर उत्रेख्त शहरातून धावत आली, दोन आठवडे राहिली, आणि जाताना तिने त्याच्याकडून वचन घेतले. सहाच्या वर वारा असेल तर सायकलला हात लावायचा नाही. फोल्कर्टने मान डोलावली होती. कोणी बांधून ठेवलेला माणूस डोलावतो तशी, पण डोलावली होती.

आणि आज बुधवार होता.

बुधवारी तो तेरा किलोमीटरवरच्या होल्वर्टला जुन्या टपालवाल्यांबरोबर पत्ते खेळायला जातो, एवढे वित्स्केला माहीत होते. खरे तर होल्वर्टमध्ये एकही जुना टपालवाला उरला नव्हता. एक वारला होता, दुसरा लेकाकडे राहायला गेला होता. होल्वर्टमध्ये होती ती आफ्के. बेटावर जाणाऱ्या बोटीच्या तिकीटखिडकीत तिने सव्वीस वर्षे काढली होती. आज बोट सुटणार नाही, हे शंभर माणसांच्या तोंडावर शांतपणे सांगायची तिला सवय होती. फोल्कर्टची बायको त्रीन जाऊन तीन वर्षे झाली होती, आफ्केचा नवरा जाऊन सहा. दहा महिन्यांपूर्वी टपालखात्यातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभात दोघे शेजारी बसले आणि त्यानंतरचा एकही बुधवार चुकला नव्हता.

मागच्या बुधवारी केक कापता कापता आफ्केने विचारले होते, “पोरीला सांगितलंस?”

“सांगतो.”

“हे तू उन्हाळ्यातही म्हणाला होतास.” तिने सुरी खाली ठेवली. “फोल्कर्ट, मी बहात्तर वर्षांची आहे. या वयात मला कुणी शेडमधे झाकून ठेवावं असं नाही मला वाटत. पुढच्या बुधवारी तिला सांगून ये. सांगितलं नसशील तर येऊ नकोस.”

बोलून झाल्यावर तिने त्याच्या बशीत केकचा मोठा तुकडा ठेवला होता. रागाने बोलली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटेभर वाटत राहिले.

वित्स्केला येऊन तीन दिवस झाले होते. सांगायला तीन सकाळी मिळाल्या, तीन संध्याकाळी मिळाल्या. दर वेळी तो सुरुवात करायचा आणि बटाट्यांच्या भावावर यायचा. त्रीन गेल्यापासून ही पोरगी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करत आली होती. एकही दिवस खंड नाही. त्या फोनवर बाप एकटा असतो, असे ती धरून चाललेली. ते कसे मोडायचे?

आज पहाटे जाग आली, खिडकीवर वारा आदळताना ऐकला, आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आले, सुटलो. एवढ्या वाऱ्यात कोण कुणाला काय म्हणणार? नंतर त्या ‘सुटलो’ची त्याला इतकी लाज वाटली की तो उठून अंधारातच शेडमध्ये आला. फोन करता आला असता. पण ‘वारा आहे म्हणून येत नाही’ यातून आफ्के काय समजेल, हे त्याला पुरते ठाऊक होते.

“मी सोडते गाडीनं,” वित्स्के म्हणाली. “पंधरा मिनिटांचं तर काम.”

“नको.”

“का नको?”

“पत्ते खेळायला गाडीनं जातात का कुणी?”

“लोक गाडीनं केस कापायला जातात, बाबा.”

फोल्कर्टने पंप उचलून खिळ्याला अडकवला. तो खाली पडला. पुन्हा अडकवला.

“वचन दिलं होतंत तुम्ही,” ती हळू आवाजात म्हणाली.

“दिलं होतं.” तो सायकलच्या सीटवरून हात फिरवत राहिला. “पण मला आज गेलंच पाहिजे.”

वित्स्केने त्याच्याकडे पाहिले. रोजच्यासारखा तो हुज्जत घालत नव्हता, बढाई मारत नव्हता. ती आत गेली. थोड्या वेळाने आली ती पावसाळी कोट घालून, हातात थर्मास घेऊन. शेडच्या कोपऱ्यातली आईची सायकल तिने बाहेर ओढली.

“मी पुढं, तुम्ही मागं. माझ्या आडोशानं यायचं. वाटेतल्या वीरुमपर्यंत जाऊ आणि तिथं ठरवू.”

“अगं, पण...”

“नाही तर किल्ली माझ्याकडे द्या सायकलची.”

बांधाच्या पायथ्याची वाट सरळ पश्चिमेला जाते, आणि वारा सरळ पश्चिमेचा होता. मेंढ्या बांधाच्या उतारावर अंग चोरून, तोंड फिरवून बसल्या होत्या. वित्स्केने मान खाली घातली आणि पायडल दाबू लागली. आईची सीट तिला बुटकी होत होती, गुडघे कोपरांना लागत होते, पण तिने ती वर केली नव्हती. फोल्कर्ट तिच्या मागच्या चाकाला चिकटून चालला होता. सदतीस वर्षांत त्याच्या पुढे कधी कुणी वारा अंगावर घेतला नव्हता. त्रीनबरोबर जाताना तोच पुढे असायचा. आज पोरीच्या पाठीमागे त्याला वारा निम्माच लागत होता, आणि उरलेला निम्मा तिच्या कोटात शिरून फडफडत होता. दोनदा ती झोताने वाटेच्या कडेला गेली, दोनदा सावरली. प्रत्येक वेळी मान वळवून ओरडली, “आहात ना?”

“आहे!”

सहा किलोमीटरला पाऊण तास लागला.

वीरुमचे चर्च बांधाला अगदी टेकून आहे. कब्रस्तानाच्या भिंतीआड दोघे सायकली टेकवून बसले. तिथे अचानक इतके शांत होते की कानात नुसते गुंऽगुं वाजत राहिले. वित्स्केने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्याला दिली.

“तुम्ही पडलात ना,” ती म्हणाली, “तो फोन आला तेव्हा मी वर्गात होते. अपूर्णांक शिकवत होते. पलीकडची बाई म्हणाली, तुमच्या वडिलांविषयी बोलायचंय. पुढं ती काय बोलली ते मला पाच मिनिटं ऐकूच आलं नाही.”

फोल्कर्टने झाकण दोन्ही हातांत धरले.

“तेव्हापासून मी रोज सकाळी तुमच्या गावचा वारा बघते. उत्रेख्तमधे पान हलत नसतं आणि मी इकडचा वारा बघून शाळेत जाते. बुधवारी तर दोनदा बघते. हसू नका.”

“नाही हसत.”

“मग मला एवढंच सांगा, त्या पत्त्यांत असं आहे तरी काय?”

आता. फोल्कर्टने कॉफीचा घोट घेतला. गिळला. “वित्स्के, त्या पत्त्यांचं असं आहे...”

आणि तेवढ्यात त्याला ती दिसली.

पश्चिमेकडून, बांधाच्या वाटेवरून एक नारिंगी कोट येत होता. पायडल मारायची गरजच नव्हती. वारा पाठीशी घेऊन कोट फुग्यासारखा फुगला होता आणि सायकल सुटल्यासारखी धावत होती. पांढरे केस टोपीतून निसटून पुढे, तोंडावर आले होते. तो कोट त्याच्या ओळखीचा होता. होल्वर्टच्या त्या दाराआडच्या खुंटीवर दर बुधवारी तो आपली टोपी त्याच्याच शेजारी अडकवायचा.

आफ्केनेही त्याला पाहिले. तिचा हात वर उठला. मग तिला शेजारची मुलगी दिसली. तिच्या बाजूची बायकांची, जुनी सायकल दिसली. फोल्कर्टचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर सगळे लिहिलेले होते. उठलेला हात तिने तसाच टोपीकडे नेला आणि टोपी सारखी केली.

“केवढा हा वारा!” रस्त्यात कुणीही अनोळखी माणूस म्हणतो तशी ती म्हणाली, किंचित हसली आणि त्यांच्यासमोरून निघून गेली.

“बघा, असं जायचं असतं वाऱ्याबरोबर,” वित्स्के म्हणाली. “तुमच्या ओळखीच्या का?”

‘नाही’ म्हणायला दोनच अक्षरे लागली असती. नारिंगी कोट दहा पावले गेला, वीस पावले गेला. मागे वळून बघत नव्हता.

फोल्कर्ट उठला. झाकणातली कॉफी त्याच्या पँटवर सांडली. भिंतीच्या आडोशातून तो बाहेर वाटेवर आला आणि छातीत होते नव्हते तेवढे बळ एकवटून त्याने हाक मारली.

“आफ्केऽ!”

वाऱ्याने ती हाक उचलली आणि नेऊन पोचवली. सायकल डगमगली, वेडीवाकडी झाली, आणि चाळीसेक पावलांवर आफ्के एक पाय टेकवून थांबली. फोल्कर्ट तिच्याकडे निघाला. वारा मागून ढकलत होता, त्यामुळे तो जवळजवळ धावतच पोचला.

“तू इकडं कशी?”

“तुला अडवायला.” तिला धाप लागली होती. “आठवडाभर मला झोप नाही. म्हटलं, आपण बोललो म्हणून हा गाढव या वाऱ्यात निघणार आणि कुठं तरी चरात पडणार. सांगितलं नसशील तरी चालेल, घरी बस, एवढं सांगायला आले.”

“मग थांबली का नाहीस?”

“पोरगी होती ना शेजारी.” ती त्याच्या ओल्या पँटकडे बघत म्हणाली. “अशी रस्त्यात नको तिला कळायला.”

पावलांचा आवाज आला. वित्स्के दोन्ही सायकली दोन हातांत धरून चालत आली होती. ती आफ्केसमोर थांबली.

“तुम्ही होल्वर्टहून आलात? या वाऱ्यात?”

“येताना काही वाटत नाही,” आफ्के म्हणाली. “परत कसं जायचं ते मात्र बघायचं राहून गेलं.”

“वित्स्के, ही आफ्के,” फोल्कर्ट म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून बारीक निघाला. “बुधवारची.”

वित्स्केने एकदा त्याच्याकडे, एकदा आफ्केकडे पाहिले. मग म्हणाली, “म्हणजे पत्ते वगैरे काही नाहीत.”

“पत्तेही खेळतो. कधी कधी.”

“खेळतो आणि हरतो,” आफ्के म्हणाली.

वित्स्केने तोंड समुद्राकडे वळवले आणि बाहीने डोळे पुसले. अशा वाऱ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येते, कुणी कुणाला विचारत नाही. फोल्कर्टनेही विचारले नाही. तो फक्त वाट बघत उभा राहिला, आणि इतकी वर्षे घराघरांत पत्रे पोचवताना कुणाच्या दारात त्याने इतका वेळ श्वास रोखून धरला नव्हता.

“किती दिवस?” तिने पाठमोरी राहूनच विचारले.

“दहा महिने.”

“दहा महिने रोज सात वाजता मी विचारतेय, आज काय केलंत, आणि तुम्ही मला बटाट्याचे भाव सांगताय.”

“हो.”

वित्स्केच्या खांद्यांची हालचाल झाली. ती हसते आहे की आणखी काही, हे मागून कळत नव्हते. मग तिने त्याची सायकल त्याच्या हातात दिली, स्वतःची पूर्वेकडे वळवली आणि तिच्यावर बसली.

“थर्मासमधे आता घोटभरच आहे. तिघांना पुरणार नाही,” ती म्हणाली आणि निघाली.

आफ्केने फोल्कर्टकडे पाहिले. फोल्कर्टने मान हलवली. दोघे तिच्या मागोमाग निघाले.

परतीच्या वाटेवर पायडल मारायचे कामच नव्हते. मेंढ्या, कुंपणे, नांगरलेली काळी शेते झरझर मागे पडत होती. वित्स्के बरीच पुढे होती आणि तिने एकदाही वळून ‘आहात ना’ म्हणून विचारले नाही. फोल्कर्ट तिच्या पाठीवरून नजर काढत नव्हता.

दोन किलोमीटरवर मेंढ्यांसाठी लावलेले लोखंडी फाटक लागले. वित्स्के तिथे उतरली. वाऱ्याशी झटापट करत तिने फाटक उघडले, त्याला पाठ लावली आणि पाय रोवून उभी राहिली. झोतासरशी फाटक तिला ढकलत होते, तिचे केस तोंडभर उडत होते. फोल्कर्ट आधी गेला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. मागून आफ्के आली, वेग कमी केला आणि उतरण्यासाठी एक पाय खाली सोडला.

“उतरू नका,” वित्स्के म्हणाली. “मी धरलंय.”