हापशीपर्यंत

हिंमतराव स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मेथी निवडत होते. त्यांच्या घोट्यापासून निघालेली वायर गॅसशेजारच्या प्लगमध्ये खोचलेली होती.

"सागरचे बाबा, दूध वर येऊन राह्यलं," डोक्यावर चुंबळ ठेवत मंजुळाबाई दारातून म्हणाल्या.

"दिसून राह्यलं मले. कोर्टानं पट्टा पायाले बांधला, डोळ्याले नाही."

धाड गावच्या बाजारात भाजी विकायला बसायच्या जागेवरून भांडण झालं होतं आणि हिंमतरावांनी शेजारी बसणाऱ्या नारायणरावांच्या हातावर तराजूची दांडी हाणली होती. हाड मोडलं. कोर्टानं दोन वाटा ठेवल्या: सहा महिने तुरुंग, नाहीतर सहा महिने घर. घर हवं तर घोट्याला पट्टा, म्हणजे माणूस कुठं आहे ते पोलीस ठाण्यात दिसणार. हद्द गल्लीच्या टोकाच्या हापशीपर्यंत; ती ओलांडली की पट्टा वाजणार. हमीच्या कागदावर सही बायकोची. हा माणूस चोवीस तास घरात, मग शिक्षा नेमकी कुणाला, असं मंजुळाबाईंनी वकिलाला विचारलंही होतं.

पट्टा रोज दोन तास चार्ज करावा लागे आणि घरातला धड चालणारा प्लग तो एकच. आठवडाभर हिंमतराव नुसते पंख्याकडे बघत बसले. मग लसूण सोलू लागले, मग दुधावर लक्ष ठेवू लागले. इकडे बाजाराला कुणीतरी जायलाच हवं होतं.

ज्या बाजारासाठी तीस वर्षं जुड्या बांधल्या, त्यात मंजुळाबाई कधी बसल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी तोंडातून आवाज फुटेना. महिन्याभरात गिऱ्हाइकं 'मावशी, मावशी' करत शोधत येऊ लागली. हात बरा झालेले नारायणरावच त्यांच्या जागेवर आधी पोतं अंथरून ठेवायचे.

"वहिनी, तो जेलात गेला असता त मले बरं वाटलं असतं," ते एकदा म्हणाले. "पण मेथी निवडते म्हणता?"

"हाव. लसूणबी सोलते."

"मंग राहू द्या घरीच."

दोघंही पोटभर हसले. संध्याकाळी मंजुळाबाई हे सगळं तिखटमीठ लावून सांगायच्या आणि हिंमतराव पाय वायरीत अडकवून ऐकायचे. "तुहा आवाज वाढला," एवढंच म्हणायचे.

सहावा महिना सरत आला तसं मंजुळाबाईंनी कॅलेंडरकडे बघणंच सोडलं. बाजाराला नेणाऱ्या जीपची पुढची सीट, गिऱ्हाइकांशी घासाघीस, बाजार उठताना घेतलेला आल्याचा चहा, हे सगळं आता जाणार. पट्टा सुटला की बाजार पुन्हा हिंमतरावांचा. नवऱ्याच्या सुटकेचं वाईट वाटतंय, याची त्यांना लाजही वाटली.

हवालदार आला, पट्टा कापून घेऊन गेला. घोट्यावर पांढरट कडं तेवढं उरलं.

बाजाराच्या दिवशी हिंमतरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली आणि भाजीचं गाठोडं खांद्यावर टाकून गल्लीनं निघाले. मंजुळाबाई मागोमाग चालल्या. चांगलं लुगडं त्यांनी सवयीनं नेसलं होतं. जीपपर्यंत पोचवायला जातोय, अशी स्वतःची समजूत घातली होती.

जीप हापशीच्या पलीकडे, सडकेवर उभी होती. हापशीपाशी येताच हिंमतराव थबकले. आता तिथं काही वाजणार नव्हतं. त्यांनी गाठोडं उतरवलं आणि जीपवाल्या पोराला ते उचलून न्यायला सांगितलं.

"तू जाय," ते बायकोकडे न बघता म्हणाले. "मी दूध ठेवून आलो गॅसवर."

दूध तर मंजुळाबाईंनी सकाळीच तापवून, झाकून कपाटात ठेवलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. पदर खोचला.

"मंग इथं काऊन उभे राह्यले? उतू जाईन ना."

"हाव, हाव," म्हणत हिंमतराव लगबगीनं घराकडे वळले. मंजुळाबाई जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.