सात नंबरचा आवाज

सोल-आला न्यायाची चाड फार. अन्याय स्वतःवर झाला असेल तर जरा जास्तच.

शरद महोत्सवात विद्यापीठातर्फे एकटीने गायचा मान पान्सोरी, म्हणजे ढोलाच्या साथीने कथा गायच्या कोरियन गायकीच्या, विभागातल्या एकाच मुलीला मिळायचा. निवड तशी चोख. परीक्षक पडद्याआड, गाणारीला नुसता नंबर, आणि साथीला ढोलावर म्हातारे कू गुरुजी. यंदा सात नंबर निवडला गेला आणि ती निघाली कुम-जू. बेटावरच्या कोळ्याची पोर, तीन वर्षं प्रमुख परीक्षक बाईंच्याच घरी राहून, त्यांची भांडी घासत शिकलेली. सहा नंबरची सोल-आ दुसरी आली.

सोल-आने मोठा पांढरा कागद घेतला, जाड काळ्या पेनने लिहिलं, आणि कॅम्पसच्या भिंतीवर चिकटवला. ‘पडदा डोळ्यांना असतो, कानांना नसतो. घरच्या मोलकरणीचा आवाज बाईंना ओळखता येत नाही काय?’ खाली रिवाजाप्रमाणे नाव, विभाग, प्रवेशाचं वर्ष. दोन दिवसांत कागदाभोवती रंगीत चिठ्ठ्या दाटल्या. ‘ताई, बरं झालं बोललात.’ सोल-आ येता-जाता त्या वाचायची आणि सुखावायची.

तिसऱ्या दिवशी कुम-जूने नाव मागे घेतलं. जागा सोल-आला मिळाली. तिने मैत्रिणींना टोकबोक्कीच्या तिखट तांदूळ-वड्या खाऊ घातल्या.

तालमीत, गाण्यातल्या निरोपाच्या ओळीवर तिचा ठेका सुटला.

“पुन्हा सुटला,” कू गुरुजी म्हणाले.

“पुन्हा म्हणजे?”

“निवडीच्या दिवशी इथंच घसरली होतीस. मी दोन थापा जास्त मारून झाकलं. हाताला खोडच आहे ती. उगाच नाही म्हणत, आधी ढोलकरी, मग गवई.”

तरी सोल-आने विचारलं, “पण बाईंनी कुम-जूला…”

“बाईंनी तिला गुणच दिले नाहीत. आवाज ओळखला आणि रकाना कोरा सोडला. बाकी दोन परीक्षकांच्या गुणांवरच पहिली आली पोरगी. ऑफिसाबाहेर तक्ता लावलाय की. एवढा मोठा कागद लिहिलास, तो वाचायला काय झालं होतं?”

तिने तक्ता पाहिला होता. पण पाहिलं होतं फक्त आपलं नाव कितवं आहे ते.

ढोल बाजूला सारून गुरुजी चहा ओतू लागले. सोल-आला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. कुणाच्या तरी कृपेने ती दुसरी आली होती, आणि कृपा झाली म्हणून बोट दाखवलं होतं कुम-जूकडे. ‘मोलकरीण’ हा शब्द आठवून तिचे कान तापले. तो न्यायासाठी लिहिला नव्हता, झोंबावा म्हणून लिहिला होता.

“मी खरं लिहिते. तुमचं नाव घालू?”

“घाल. हात माझाच होता.”

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिने पहिला कागद काढला आणि नवा लावला. ठेका सुटल्याचं, गुरुजींनी झाकल्याचं, कोऱ्या रकान्याचं, सगळं लिहिलं. ‘जागा कुम-जूची आहे’ असंही. गर्दी जमली नाही. कबुलीजबाबाला कोण चिठ्ठ्या लावतं?

कुम-जू आली. शांतपणे शेवटपर्यंत वाचलं.

“ठेक्याचं मला माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “तुझ्यानंतर माझाच नंबर. दाराबाहेरच उभी होते.”

“मग बोलली का नाहीस? मी तुझ्याबद्दल एवढं लिहिलं तरी?”

“त्या आठवड्यात तुझा घसा बसला होता. म्हटलं, होतं असं कुणाचंही.”

सोल-आने तिचा हात धरला. “उद्यापासून तालमीला ये. मी बाईंना सांगते.”

कुम-जूने हात सोडवून घेतला. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“नको. आता मी उभी राहिले तर कुणी गाणं ऐकणार नाही. मी कशी निवडली गेले, तेवढंच ऐकतील. तूच गा ताई. फक्त निरोपाची ओळ नीट बसव.”

एवढं बोलून ती निघून गेली. सोल-आ भिंतीवरच्या आपल्याच नावाखाली, सगळ्यांच्या वाटेत, उभी राहिली.