तिनाचा झाला आठ

मी एक जुने ड्रिल मशीन आहे, मित्रांनो, आणि माझ्यापायी एका भल्या माणसाचे नुकसान झाले आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे माझे कौतुक ऐकून तुम्ही हुरळून जाणार नाही.

कारखान्यात जोडणी झाली तेव्हाच माझ्या पोटातली एक तार वाकडी बसली होती. ती माझ्या धातूच्या अंगाला घासत राही. मला ते कळत होते, पण तपासणाऱ्या माणसाला दिसले नाही. त्याने मला खोक्यात घातले.

१९९३ साली मल्लेश्वरमच्या दुकानातून नागनाथ सुताराने मला विकत घेतले. तो मूळचा निपाणीचा; मराठी आणि कानडी त्याला दोन्ही घरच्याच. भिंतीत ज्या भोकांना छिन्नी-हातोडीने अर्धा दिवस लागे, ती मी चुटकीसरशी पाडी. "ह्यो माझा धाकटा भाऊ बघा," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. मला फार बरे वाटे. त्याची बायको तानूबाई दर खंडेनवमीला करवत-रंध्याबरोबर मलाही पाटावर मांडी आणि नंबर कोरलेल्या माझ्या पट्टीवर तेलात कालवलेले कुंकू दाबून लावी. पूजेचे कुंकू कुणी पुसायचे नाही, असा तिचा दंडक.

इकडे तार झिजत चालली होती. नागनाथच्या तळहाताला अधूनमधून मुंग्या येत. पायांत रबरी चप्पल असे, म्हणून तेवढ्यावर निभावे. तो हात झटकी आणि पुन्हा कामाला लागे. मला आतून कापरे भरे, पण घरघर करण्यापलीकडे मला बोलता कुठे येते?

१९९६चा दसरा आठ-दहा दिवसांवर आला असताना जे. पी. नगरात संध्याताईंकडे काम निघाले. त्या पुण्याहून आलेल्या, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. स्वयंपाकघरात देव्हारा बसवायचा होता. मला पाहताच त्यांनी वर्तमानपत्र शोधून आणले.

"अण्णा, हे तुमचंच मॉडेल ना? शॉक बसू शकतो म्हणून कंपनी परत मागवतेय. बदलून नवीन देणारेत. फक्त ज्यांचा नंबर त्रेपन्नशे ते चोपन्नशेच्या आत आहे तीच. बघू तुमचं."

"स्वल्प मुंग्या येतात, अक्का. मशीन म्हटल्यावर तेवढं असतंय की."

माझा नंबर पाच-तीन-चार-सात. पण तीन वर्षांचे कुंकू त्या इंग्रजी तिनाच्या उघड्या बाजूला थिजून बसले होते, आणि तिनाचा झाला होता आठ. संध्याताईंचे नख खरवडायला तिथवर आलेही.

"पूजेचं हाय, अक्का," नागनाथ म्हणाला.

त्यांनी नख मागे घेतले. "अठ्ठावन्नशे सत्तेचाळीस. मग तुमचं यादीत नाही."

"सरी, बरं झालं मग," असे म्हणून नागनाथने चप्पल दाराबाहेर काढली. एरवी कामावर तो ती काढत नसे.

"राहू द्या ना," संध्याताई म्हणाल्या.

"देवाची जागा हाय." आणि तो नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला.

मित्रांनो, त्याने बटण दाबले आणि नेमकी तेव्हाच ती तार उघडी पडली. त्याचा हात मला चिकटला. त्याला मला सोडता येईना, मलाही त्याला सोडता येईना. संध्याताईंनी धावत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटे मात्र मिटेनाशी झाली. अशा हाताने रंधा कसा धरणार?

संध्याताईंनी नंतर रॉकेलच्या बोळ्याने पट्टी पुसली आणि खरा नंबर वाचला. त्या तिथेच फरशीवर बसून रडल्या.

काल खंडेनवमी झाली. या वेळी तानूबाईने एकेक हत्यार घासूनपुसून मांडले. वायर कापलेले मीही त्यांत होते. तिचे कुंकवाचे बोट माझ्याकडे आले आणि थबकले. मग तिने नागनाथचा उजवा हात पाटावर ठेवायला लावला आणि त्या न मिटणाऱ्या बोटांना एकेक करून कुंकू लावले.

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा, पण आधी ती पुसा आणि त्यांचा नंबर वाचा. हाताला मुंग्या आल्या तर 'स्वल्प' म्हणून सोडून देऊ नका. उद्या दुकानदार मला घेऊन जाईल आणि माझ्या बदली नवे कोरे मशीन देईल. ते कुणाच्या हातात द्यायचे, हे तानूबाईला अजून सुचलेले नाही.