कोराडीत कडक ऊन आहे

मी मे महिन्यातला वादळी ढग बोलतोय. मान वर करून ऐका, एरवी ती मोबाईलात खुपसलेली असते. माझं आयुष्य जेमतेम तास-दीड तासाचं. पण तेवढ्यात माणसांचा जो शहाणपणा पाहिला, तो पुरे झाला.

जन्म माझा हुडकेश्वरच्या तापलेल्या स्लॅबांवरचा. सकाळपासून भाजलेली हवा वर सुटली, लांबून समुद्राकडून आलेला ओलावा तिला मिळाला आणि दुपार कलताना माझं डोकं इतकं उंच गेलं की तिथे बर्फ झाला. बर्फाचे कण एकमेकांवर आदळले, पोटात वीज साठली. पसारा मात्र चार वस्त्यांपुरता. इथे अंधार, पलीकडे लख्ख ऊन. यात न कळण्यासारखं काय आहे?

खालच्या एका घरातल्या देवकीबाईंना कळलं होतं. परवा लेकीचं, रोशनीचं लग्न. रुखवतासाठी गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या त्यांनी गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातल्या होत्या.

“पियूष, आभाळ भरून राहिलं गा. कुरोड्या उचलू लाग.”

चिरंजीवांनी वर पाहिलं नाही. कोराडीच्या दोस्ताला फोन लावला. “माय, तिकडं कडक ऊन आहे. तू काहून भेऊन राहिली?”

वा रे पठ्ठ्या! डोक्यावर मी गडगडतोय आणि हा शहराच्या दुसऱ्या टोकाला विचारतोय!

मग माझ्यातली गार हवा धाडकन खाली कोसळली. आधी धुळीचा लोट, मागून टपोरे थेंब. बाई एकट्याच गच्चीवर धावल्या आणि पाण्याच्या टाकीपाशी वाकून कुरोड्यांचं लुगडं गोळा करू लागल्या. मी कोणावर दात धरून नसतो, पण वीज उंच जागा शोधते. आणि त्या आळीत सगळ्यात उंच ती टाकीच होती.

रोशनीने धावत येऊन आईचा हात धरला. “जाऊ दे त्या कुरोड्या! तूच नाही राहिली, तं रुखवत कोणासाठी मांडू वं?”

दोघी जिन्यात शिरल्या आणि टाकीवर वीज पडली. टाकीच्या चिंधड्या झाल्या.

पियूष पांढराफटक होऊन आईचे हातपाय चाचपू लागला. “माय, लागलं का तुले?” बाईंच्या मुठीत एक ओली कुरोडी तेवढी राहिली होती.

माझ्याच गार पावसाने माझी खालची ऊब तोडली, म्हणून मी विरत चाललोय. विनंती वगैरे करत नाही, बजावतो: गडगडाट ऐकू आला की घरात शिरा. दुसऱ्याच्या गावचं ऊन विचारू नका.

फोन वाजला. कोराडीचाच. पियूषने तो उचलला नाही. गच्चीच्या दारात येऊन त्याने मान वर केली. आता बघतोय गधडा, मी उरलो नाही तेव्हा!