नुसतं पाणी

धाकटी धावायची आणि थोरली शाळेत जीवशास्त्र शिकवायची. खरं तर दोघींनी धावायला एकाच दिवशी सुरुवात केली होती. पण थोरलीचा गुडघा गेला, आणि आईच्या काचेच्या कपाटात धाकटीचीच पदकं वाढत गेली. कुणी कौतुक केलं की थोरली तोंडभर हसायची. आतून मात्र नुसता जळफळाट.

त्या रविवारी बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. तिसाव्या किलोमीटरला साखर-मिठाच्या पाण्याची बाटली द्यायचं काम थोरलीकडे होतं. ती बाटली का लागते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ग्लुकोजचे मणी जोडून शरीर ग्लायकोजेन साठवतं. त्याला फांद्या असतात, टोकं भरपूर, म्हणून ते झटपट सुटतं. पण स्नायूंतला आणि यकृतातला हा साठा तुटपुंजा. चरबीत तेवढ्याच वजनाला ऊर्जा दुपटीहून जास्त, पण ती सावकाश जळते. जोरात पळणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही.

सगळं माहीत असून सकाळी तिने बाटलीत नुसतं पाणी भरलं. एकदा तरी हरू दे हिला.

धाकटी सगळ्यांच्या पुढे होती. पळता पळताच, चवीकडे लक्ष न देता घटाघटा प्यायली, "ताई, तू आहेस म्हणून बरं!" म्हणाली आणि गेली.

ते वाक्य थोरलीला असं झोंबलं, की ती स्कूटर काढून मागोमाग निघाली. चौतिसाव्या किलोमीटरला धाकटी दुभाजकावर थरथरत बसली होती. थोरलीने चहाच्या टपरीवरून साखर आणली, पाण्यात ढवळून पाजली.

"साखर कमी पडली का गं, ताई?"

"घातलीच नव्हती."

"विसरलीस?"

"नाही."

धाकटीने रिकामा ग्लास तिच्या हातात दिला. मग उठली आणि उरलेलं अंतर चालत गेली.

घरी आई तिलाच बोलली, "सकाळी नीट खाल्लं नसशील!" धाकटीने मान डोलावली. तेव्हा थोरलीने आपणहून सगळं सांगितलं. आई उठून आत गेली.

तीन आठवडे अबोला. मग एका दुपारी धाकटी वही घेऊन समोर बसली.

"कधी काय खायचं, का खायचं, सगळं समजावून सांग. यापुढे मी तुझ्यावर विसंबणार नाही."

थोरलीने वहीत ग्लिसरॉलचा छोटा रेणू काढला, त्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडल्या. "ही चरबी."

"आणि शेपटी एकदम तुटत नाही? थोडी थोडी तोडावी लागते, म्हणून वेळ लागतो?"

दहा वर्षांत वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. थोरलीच्या पोटात पुन्हा दुखलं.

"हो, तेही एक कारण," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.