पिवळ्या चौकोनातल्या चपला

मी एक जुनी व्हीलचेअर आहे आणि माझ्या उजव्या चाकात साखळी आहे. मित्रांनो, साखळी म्हटल्यावर मी काही गुन्हा केला असं समजू नका. माझा गुन्हा एवढाच की मी कामाची आहे. बिनकामाच्या वस्तूला कोण कुलूप लावतं?

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. तिथे माझ्या नळ्या वाकवल्या, जोडल्या, वर निळं रेक्झिन चढवलं आणि बहिणींबरोबर टेम्पोत घालून मला पूर्व उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात आणलं. त्याचं नाव सांगत नाही, आमच्या चेतना सिस्टर रागावतील. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पण नव्याचे नऊ दिवस. मग माणसं मला एक्सरेपर्यंत न्यायची आणि तिथेच टाकून जायची. कधी मी लिफ्टच्या मागे, कधी औषधांच्या खिडकीपाशी. माझी एक बहीण पेशंटला रिक्षापर्यंत सोडायला गेली, ती परत आलीच नाही. नेणारा निघून गेला आणि साहेबांसमोर उभं राहावं लागलं ते वॉर्डाच्या प्रमुख चेतना सिस्टरांना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साखळी आणली आणि मला चादरींच्या खोलीतल्या पाइपाला बांधलं. मग सगळ्याच वॉर्डांनी तसं केलं. खुर्चीसाठी माणसं भांडतात हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे ती खुर्ची लपवण्यासाठी भांडतात.

त्या खोलीत मी फार एकटी होते. दार किलकिलं असलं की पॅसेजचा एक तुकडा दिसायचा, तेवढंच माझं जग. त्या तुकड्यात एका सकाळी विक्रोळीचे काशीरामकाका दिसले. पाय सुजलेले, चार पावलं टाकली की धाप लागत होती. त्यांचा मुलगा विशाल खुर्ची शोधून शोधून दमला. शेवटी तो खाली वाकला आणि त्याने वडिलांना पाठीवर घेतलं. काका लाजून म्हणत होते, "उतरव रे, मी चलतंय." मी हाकेच्या अंतरावर होते. पण हाक मारायला मला तोंड कुठे आहे?

हे आणखी एका मुलीने पाहिलं. तिचं नाव संघमित्रा. ती आणि तिचा मित्र हर्षद, दोघं आमच्याच रुग्णालयाच्या कॉलेजात डॉक्टर होण्यासाठी शिकत होते. त्यांचे नंदकुमार सर त्या वर्षी एक वेगळाच विषय शिकवत होते. पेशंटचा आजार तर सगळेच बघतात, पण रुग्णालयाच्या कामाला जो आजार होतो तो कसा ओळखायचा आणि कसा बरा करायचा, असा तो विषय होता. प्रत्येक जोडीने एक अडचण निवडायची होती. संघमित्राने मला निवडलं. मित्रांनो, मला कुणी निवडण्याची ती पहिलीच वेळ.

पण शिकणारेच ते, आधी घोळ घालणारच. त्यांनी भिंतीवर मोठी पाटी लावली की खुर्ची जागेवर न ठेवल्यास कारवाई होईल. पाटी वाचून वॉर्डांनी धसका घेतला आणि माझ्या साखळीला दुसरं कुलूप लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दोघं खाली मान घालून सरांकडे गेले. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "कोण चुकलं ते शोधू नका. चांगली माणसं कुलूप का लावतात ते शोधा." आणि त्यांनी दोघांपैकी एकाला पेशंट होऊन फिरून यायला सांगितलं.

सरांची चिठ्ठी दाखवून त्यांनी मला तासाभरासाठी सोडवून घेतलं. हर्षद माझ्यात बसला, संघमित्राने ढकललं. एक्सरेच्या वळणावर त्याची एक चप्पल गळून पडली. ती आणायला मागे जावं लागलं. हर्षद हसत म्हणाला, "यार, चपला काढूनच बसायला हवं होतं. बसलेल्याला चपला लागतात कशाला?"

संघमित्रा चालायची थांबली. चपलेकडे बघत राहिली, आणि मला तशीच घेऊन चेतना सिस्टरांकडे गेली. तुम्ही खुर्ची का बांधता, असं तिने विचारलं. इतक्या दिवसांत हे सिस्टरांना कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या हरवलेल्या बहिणीची हकिगत सांगितली. ती ऐकून मला त्यांचा राग येईनासा झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "एक खुर्ची, एक दिवस देते. हरवली तर साहेबांसमोर तू उभी राहायचं." संघमित्रा हो म्हणाली.

कॅज्युअल्टीच्या दाराशी पिवळ्या रंगाने एक चौकोन काढला गेला. ते माझं घर. पेशंट माझ्यात बसला की त्याच्या चपला चौकोनात राहायच्या. मी परत आले की चपला मिळायच्या. चपला सोडून घरी कोण जाणार? एका दिवसाची मुदत सिस्टरांनी आपणहून वाढवली. पेशंट वॉर्डात दाखल झाला तरी त्याचा माणूस चपलांसाठी मला घेऊन यायचा. चपलांची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा मुलांनी पिशव्या आणल्या. हळूहळू इतर वॉर्डांच्या खुर्च्याही सुटल्या. खुर्चीसाठी पेशंटला किती वेळ थांबावं लागतं याची एक रेघ दोघं कागदावर काढायचे. मला रेघेतलं काही कळत नाही, पण ती खाली आली की दोघांची तोंडं फुलायची. मी दिवसभर पळत होते, आणि मी सुखी होते.

मग त्यांच्या कामाला बक्षीस मिळालं. माझा फोटो कॉलेजात काचेच्या चौकटीत लागला. ही सुधारणा टिकवायची कशी, हे पुढच्या आठवड्यात शिकू, असं सर म्हणाले होते. पण त्या आठवड्यात परीक्षा आली, मुलं गेली, आणि सरांचीही बदली झाली. तो धडा राहूनच गेला.

नवा वॉचमन आला, त्याला कुणी काही सांगितलं नाही. चौकोनातल्या चपला त्याने कचरा समजून टाकून दिल्या. पेशंट चिडले, लोक चपला ठेवीनात. पिवळा रंग पुसट झाला. एक खुर्ची दोन दिवस सापडली नाही आणि सिस्टरांनी मला पुन्हा साखळीने बांधलं. माझा फोटो काचेत आणि मी कुलपात. पहिल्यापेक्षा हा एकटेपणा जड गेला, कारण आता मला सुख काय ते माहीत होतं.

दोन वर्षं अशी गेली. परवा दार किलकिलं होतं. पॅसेजमध्ये काशीरामकाका भिंतीला टेकून उभे होते, आणि विशालने पुन्हा पाठ वाकवली होती. एक तरुण डॉक्टर धावत आली. ती संघमित्रा होती. ती थेट माझ्याकडे आली, साखळी पाहिली आणि तिथेच थबकली. तिने मागे उभ्या असलेल्या चेतना सिस्टरांकडे पाहिलं.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही गेलात गं. मग विचारायला कोण आलं?"

संघमित्राने चावीसाठी हात पुढे केला. विशाल सरळ झाला, काका माझ्यात बसले. दाराजवळ येताच संघमित्रा खाली बसली, काकांच्या चपला काढल्या आणि जिथे पिवळा रंग जेमतेम दिसत होता तिथे ठेवल्या. मग तिने वॉचमनला बोलावलं आणि त्या चपला तिथे का आहेत, हे त्याला पहिल्यापासून सांगितलं.

मित्रांनो, मी अजून संध्याकाळी कुलपात जाते. सिस्टरांचा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि संघमित्राचीही कधीतरी बदली होईल. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझे फोटो काढू नका. मला न्या आणि परत आणून ठेवा, आणि जाताना तुमच्या मागून येणाऱ्याला सांगून जा की चौकोनात चपला का असतात.